गवताच्या गाडीची पिन

"अगं, तुझ्या अंबाड्याचा एक आकडा घेतो," देवघराच्या दारात उभं राहून हे म्हणाले.

मी घटापुढे झेंडूची माळ ओवत बसले होते. मागे वळले नाही. ह्यांनी नेहमीसारखं मनातल्या मनात पाचपर्यंत मोजलं असावं. मग म्हणाले, "काही बोलली नाहीस. म्हणजे चालेल."

आरशापुढच्या डबीचं झाकण वाजलं आणि पावलं अंगणाकडे गेली.

दसऱ्याची सकाळ होती, सहा-सव्वासहाची. आज वीस वर्षं होऊन गेली, पण त्या डबीचं झाकण वाजल्याचं मला अजून ऐकू येतं.

सकाळी उठल्यापासून देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नसे. नुसतं तोंड मिटून भागत नाही. मान हलवणं, खुणा करणं, लिहून दाखवणं, हे सगळं मी बोलण्यातच धरायची. एरवी नऊपर्यंत माझा नैवेद्य व्हायचा आणि मी मोकळी. त्या दिवशी मात्र दुपारी बाराला व्रताची सांगता होती. बारा वर्षं पुरी होत होती. पाच सवाष्णी जेवायला सांगितल्या होत्या, पुरण आदल्या दिवशीच वाटून ठेवलं होतं. गुरुजी बजावून गेले होते की नैवेद्याआधी एक शब्द गेला तर बारा वर्षं पाण्यात. "जपा हो वहिनी, शेवटच्या दिवशीच जिभेला खाज सुटते," असंही हसत म्हणाले होते. व्रत कशासाठी धरलंय ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायचं नसतंच.

माझं हे व्रत देवीच्या खालोखाल कुणाच्या कामी आलं असेल, तर ह्यांच्या. नऊनंतर ज्या गोष्टीला मी नाही म्हणणार, ती गोष्ट हे नऊच्या आत विचारायचे. दारात उभं राहायचं, विचारायचं, पाचपर्यंत मोजायचं आणि मी काही बोलले नाही म्हणजे चालेल असं ठरवून निघून जायचं. अशा रीतीनं आमच्या घरात एक बंद पडलेलं लेथ मशीन आलं, पोस्टमनला चावणारं कुत्रं आलं आणि त्या वर्षी श्रावणात ती गवताची गाडी आली.

कागलजवळच्या एका कारखान्याच्या वसाहतीत आम्ही राहायचो. हे, म्हणजे श्रीपती लोहार, तिथे एकतीस वर्षं फिटर होते. सगळे तात्या म्हणायचे. कारखान्याच्या गेस्ट हाऊसपुढे मोठी हिरवळ होती. तिथलं गवत कापायला कुठल्याशा साहेबांनी पूर्वी बसून चालवायची गाडी मागवली होती. खुर्चीत बसायचं, चाक फिरवायचं आणि पोटाखालच्या पात्यांनी गवत कापलं जायचं. आमच्या माहेरी गवत कापणाऱ्या बायकांचे गुडघे सोलून निघायचे, म्हणून खुर्चीत बसून गवत कापतात हेच मला पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. ती गाडी भंगारात निघाली.

"आणतो आपल्याकडे. राहील अंगणात एका कोपऱ्यात," हे सकाळी सात वाजता म्हणाले. पाच मोजले. "बरं."

तो कोपरा दिवसादिवसानं वाढत गेला. पात्यांचा सांगाडा काढून ह्यांनी तुळशीवृंदावनाला टेकवला. सीट काढून पायरीवर ठेवली. इंजिन माझ्या धुण्याच्या दगडावर आलं, आणि गणपतीत मी कपडे कुठे धुवायचे असं विचारलं, तर म्हणाले, सकाळी विचारलं तेव्हा बोलायचं होतंस.

हा सगळा खटाटोप शर्यतीसाठी होता. दसऱ्याला वसाहतीच्या मैदानावर दरवर्षी एक वेडेपणा चालायचा. नियम एकच, की गाडी रस्त्यासाठी बनवलेली नसावी. कुणी शेतातला पॉवर टिलर आणायचं, कुणी हातगाड्याला पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवायचं. मैदानाच्या पाच फेऱ्या. एकतीस वर्षं ह्यांनी दुसऱ्यांच्याच गाड्या दुरुस्त करून दिल्या होत्या आणि दोरीमागे उभं राहून बघितल्या होत्या. त्या मे महिन्यात निवृत्त झाले. तेव्हापासून घरातला एकेक नळ गळेपर्यंत दुरुस्त करून झाला होता. त्यामुळे गाडी आली तेव्हा, खरं सांगायचं तर, नळ सुटले म्हणून मला थोडं बरंही वाटलं होतं. ते फार दिवस टिकलं नाही.

गाडी गवताच्या चालीनं चालणारी. तिला पळवायचं तर काय काय करावं लागेल हे मला पाठ झालं, कारण हे सगळं मला सकाळीच समजावून सांगायचे. मी उठून जाऊ शकत नव्हते आणि पुरे म्हणू शकत नव्हते. इंजिनाकडची पुली मोठी करायची, गिअरकडची लहान, म्हणजे पट्टा जास्त वेगानं फिरतो. हे दाखवायला ह्यांनी माझं पोळपाट घेतलं, कुंकवाच्या करंड्याचं झाकण घेतलं आणि दोन्हीभोवती माझ्या परकराची नाडी फिरवली. गाडी उलटू नये म्हणून पुढच्या दोन चाकांमधला दांडा रुंद केला. बसायची जागा इतकी खाली आणली की हे बसले की गुडघे कानाशी यायचे. इंजिनाचा वेग आवरणारी एक स्प्रिंग होती, तीही काढून टाकली. आवाज असा व्हायला लागला की मनातल्या मनात म्हणतानाही माझं स्तोत्र चुकायला लागलं. सोवळ्याच्या साडीला पेट्रोलचा वास लागला. मी ती दोनदा धुतली, आणि वाळत घातली तीही त्या गाडीच्या वर.

नऊनंतर मी बोलायचे. पण माझा आवाज लहानपणापासून असा की शेजारच्या खोलीत पोचत नाही. ह्यांना तो पोचलाच नाही असं दाखवता यायचं.

वेल्डिंगला रज्जाकभाई यायचे. ह्यांच्याच खात्यातले, वीस वर्षांचे मित्र. एकदा मला म्हणाले, "वैनी, ह्यास्नी सांगा जरा. दोनदा दांडा वेल्ड केला, तरी म्हणत्यात अजून रुंद कर. अंगण संपलं आता."

मी म्हणाले, सकाळी सांगून बघते. रज्जाकभाई हसून हसून खाली बसले.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. लोहाराचं घर, ह्यांच्या आजोबांपासूनची घणहातोडी पुजायची चाल आहे. मी पहाटे उठून ह्यांच्या कामाच्या फळीवरचं सगळं गोळा केलं. पाने, पकडी, कानशी, पंच, बारीकसारीक जे लोखंड दिसेल ते. चिंचेनं घासलं, पुसलं, घटासमोर पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. एकदा पूजेत गेलेल्या हत्याराला दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. हे एवढं ह्यांनी कधी मोडलं नाही. व्रताच्या नावानं मला किती छळलं, पण पाटावरची वस्तू कधी उचलली नाही.

दसऱ्याच्या सकाळी ह्यांनी आकडा नेला आणि थोड्या वेळानं अंगणात रज्जाकभाईंचा आवाज आला. कायतरी सापडत नव्हतं. दुकानं बंद, हत्यारं पूजेत. डबे उपडे केल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "राहू दे, झालंय माझं काम." रज्जाकभाईंना लाल फडकं घेऊन लांबच्या वळणावर उभं राहायचं होतं, ते पुढे गेले. नऊच्या पुढे हे स्वतः गाडी चालवत मैदानाकडे गेले. गल्लीतली सगळी कुत्री मागे. जाताना दारातून ओरडून सांगितलं की शर्यत दहाला आहे, सांगतेआधी जिंकून येतो.

घर शांत झालं. मी उत्तरपूजा केली, अक्षता वाहिल्या आणि पाटावरची हत्यारं एकेक उचलून टोपलीत ठेवायला लागले. हातोडी, पकडी, दोन पाने. झेंडूची एक ओली पाकळी सरकवली तर तिच्याखाली ती होती.

बोटभर लांबीची पिन. दोन पाय जवळजवळ असलेली, वर डोकं गोल, हळदीनं पिवळी झालेली. मीच ती फळीवरून उचलली होती. मीच घासली होती. मला ती हत्यार वाटली होती.

ती काय आहे ते मला माहीत होतं, कारण भाद्रपदात एका सकाळी ह्यांनी मला अर्धा तास तेच सांगितलं होतं. हातातलं चाक फिरवलं की एक दांडा ओढला जातो आणि त्यानं पुढची चाकं वळतात. तो दांडा जिथे जोडलेला असतो, तिथे ही पिन घालून तिचे पाय फाकवायचे. "ही निघाली की हातात नुसतं चाक राहतं. गाडी तिला वाटेल तिकडे जाते," असं म्हणाले होते. तेव्हा मी कंटाळून समईची वात बघत होते. अष्टमीला वंगण घालायला त्यांनी ती काढून फळीवर ठेवली असणार.

आणि तिच्या जागी काय घातलंय हेही मला आता कळलं. माझा हात अंबाड्याकडे गेला. अंबाडा एका बाजूनं सुटला होता.

मी उठले. डाळीच्या पुरणावर झाकण घातलं, सोवळ्याच्याच साडीत पिन मुठीत घेऊन निघाले. वाटेत किती चिडले होते ते काय सांगू. ह्यांच्यावर तर होतेच. एकतीस वर्षांचा फिटर, आणि बायकोच्या केसातली तार लावून गाडी पळवायला निघालेला. पण माझ्यावरही होते. पूजेत पिन कोण घालतं? आणि थोडी देवीवरही, देवी क्षमा करो. बारा वर्षांतला कुठलाही दिवस चालला असता. ह्या एका दिवशी बाराच्या आत हे का? चालता चालता मी हिशेब मांडत होते की वस्तू हातात देणं म्हणजे बोलणं नव्हे. पिन समोर धरायची. फिटर माणूस आहे, बघितल्याबरोबर कळेल.

मैदानावर सात गाड्या रांगेत लागल्या होत्या. सगळ्यांची इंजिनं चालू. हे मधोमध, गुडघे कानाशी, डोक्याला टॉवेल बांधलेला. तीन महिन्यांत इतक्या आनंदात मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी समोर जाऊन तळहात उघडला.

ह्यांनी हळदीनं माखलेली पिन पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. पिन उचलून दोन्ही डोळ्यांना लावली, कपाळाला लावली आणि शर्टाच्या खिशात टाकली. शेजारच्या पंपाच्या गाड्यावाल्याला मोठ्यानं सांगितलं, "देवीचा प्रसाद घेऊन आलीय. सांगतेचा दिवस आहे आज तिचा."

मी तशीच उभी राहिले. हात उघडाच राहिला. एवढं शिकवलेलं, एवढं समजावलेलं, पोळपाट, करंडा, नाडी, सगळं मी लक्षात ठेवलं. आणि ज्यानं शिकवलं त्याला स्वतःची पिन ओळखता आली नाही, कारण ती माझ्या हातातून आली होती.

दोन पोरं आली. काकू, मागं सरा, असं म्हणत मला दोरीमागे नेऊन उभं केलं. समोरच्या माणसानं झेंडा वर केला. रज्जाकभाई लांब वळणावर, त्यांचं लाल फडकं तेवढं दिसत होतं. त्या वळणापलीकडे दगडी पाण्याचा हौद होता.

मी बोलले.

"पिन," म्हणाले. "ती पिन आहे. उतरा खाली."

सात इंजिनांच्या गोंगाटात माझा आवाज मलासुद्धा ऐकू आला नाही. पण ह्यांनी त्याच वेळी माझ्याकडे पाहिलं होतं, निघताना निरोप घेतात तसं. त्यांना शब्द ऐकू आले नाहीत. माझे ओठ हललेले दिसले. बारा वर्षांत त्या वेळी त्यांनी माझे ओठ हललेले पाहिले नव्हते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. काय झालंय ते कळलं नव्हतं, तरी हात आपोआप खाली गेला आणि इंजिन बंद झालं.

झेंडा पडला. सहा गाड्या धूळ उडवत गेल्या. हे गाडीवरून उतरून माझ्याकडे आले.

"काय झालं? काय म्हणालीस?"

"खिशातली पिन काढा म्हणाले. तो प्रसाद नाही."

ह्यांनी ती काढली. हळद अंगठ्यानं पुसली. बराच वेळ बघितली. मग वाकून गाडीखाली हात घातला. तोवर पहिली फेरी मारून गाड्या पुढे गेल्या होत्या आणि रज्जाकभाई फडकं टाकून पळत आले होते. तेही वाकले.

"तात्या, हे काय घातलंय?"

"आकडा. दुहेरी करून घातला होता."

"एकेरी झालाय," रज्जाकभाई म्हणाले आणि तुटकी तार बाहेर काढून ह्यांच्या हातावर ठेवली. उरलेला अर्धा भाग नुसता अडकून बसला होता. बोट लावल्याबरोबर खाली धुळीत पडला. आमच्या घरापासून मैदान जेमतेम अर्धा मैल.

रज्जाकभाई उठून उगाच दुसऱ्या गाड्या बघायला गेले. हे गाडीच्या सीटवर बसले, मी दोरीच्या खांबाला टेकून उभी राहिले, आणि आम्ही दोघांनी शर्यत बघितली. पंपाचा गाडा पहिला आला. धूळ खाली बसल्यावर ह्यांनी विचारलं, किती वाजले असतील.

"दहा वाजून गेले."

"म्हणजे दोन तासही राहिले नव्हते."

"नव्हते."

"मोडलं?"

"मोडलं."

ह्यांनी टॉवेल सोडला, घडी घातली, परत सोडला. "कशासाठी धरलं होतंस गं? बारा वर्षांत एकदा सांगितलं नाहीस."

मोडल्यावर आता झाकून ठेवायचं काय होतं? मी त्यांचा डावा हात धरला. त्याची शेवटची दोन बोटं वळत नाहीत. बारा वर्षांपूर्वी तो हात कारखान्यातल्या प्रेसमध्ये, पत्रा दाबायच्या यंत्रात, सापडला होता. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मनगटापासून काढायचा असं ठरवून कागदावर माझी सही मागितली. मी सही केली नाही. बाहेरच्या बाकावर बसून देवीला म्हणाले, हात ठेव, माझ्या सगळ्या सकाळी तू घे. बारा वर्षं घे. हात राहिला. त्याच हातानं ह्यांनी लेथ आणलं, नळ बिघडवले, गवताची गाडी उघडली.

मी एवढंच म्हणाले, "ह्याच्यासाठी."

हे हाताकडे बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा हात आपल्या मांडीवर ठेवलाय, तसं.

"मग आज तू बोलली नसतीस तर..."

"तर व्रत पुरं झालं असतं," मी म्हणाले. मला राग आला होता आणि रडूही, आणि दोन्हींतलं काय आधी येऊ द्यावं ते कळत नव्हतं. "चला आता. पाच सवाष्णी यायच्यात, पुरणपोळ्या लाटायच्यात अजून. ती पिन बसवा आधी. आणि मला तुमच्या गाडीवर बसायचं नाहीये, मी चालत येते."

तरी शेवटी अंबाडा सुटलेली मी त्या गाडीच्या मागच्या पत्र्यावर बसून घरी आले. गल्लीभर लोक बघत होते.

गुरुजी म्हणाले की प्रायश्चित्त घेऊन सांगता करता येईल. मी म्हणाले नको, उद्यापासून पुन्हा धरते. गुरुजी चकित झाले. हे स्वयंपाकघराच्या दारात उभे होते, तेही. पण देवीला दिलेलं परत घेतल्यासारखं मला होऊ द्यायचं नव्हतं. हात अजून होताच की.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता हे नेहमीसारखे देवघराच्या दारात आले. तोंड उघडलं. मिटलं. मग जाऊन पायरीवर बसले, वर्तमानपत्र उलटंसुलटं करत. नऊ वाजता मी नैवेद्य दाखवून बाहेर आले तेव्हा उठून उभे राहिले.

"आता विचारू?"

"विचारा."

"पुढच्या दसऱ्याला परत उतरवू का गाडी?"

"नाही."

"बरं," म्हणाले आणि गेले.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी नऊ वाजता परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. नऊ वाजता पायरीवरून उठायचे, आता विचारू का म्हणायचे, विचारायचे, माझं नाही ऐकायचे आणि जायचे. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आंब्याचे दिवस आले. मौनात विचारत होते तेच परवडलं असतं असं मी रज्जाकभाईंना म्हणाले, तर ते म्हणाले, "वैनी, आता भोगा." आषाढात एका सकाळी माझा धीर सुटला आणि उतरवा एकदाची असं म्हणून मी मोकळी झाले.

त्या वर्षी खंडेनवमीला मी फळीवरचं एकेक लोखंड उचलताना ह्यांना दाखवून मगच पाटावर मांडलं. आणि दसऱ्याच्या पहाटे घटापुढे बसले असताना मागे पावलं वाजली. काही विचारणं आलं नाही. मी वळून पाहिलं.

हे दारात उभे होते. डावा तळहात उघडून माझ्यासमोर धरला होता, वळणारी तीन बोटं आणि न वळणारी दोन. त्यावर पिन.

मी काही बोलले नाही. हे मान डोलावून अंगणात गेले.